‘पेक्षा’: एका न्यायाधीशांच्या भाषणाचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात एरवी माणसांची नावं झाकायची पद्धत आहे. इथे मुख्य व्यक्तीचं नाव झाकून काही उपयोग नाही. भाषण छापलेलं आहे, पुढची सुनावणी टीव्हीवर दाखवली गेली, आणि ‘अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातली पहिली लॅटिना’ म्हटलं की नाव आपोआप उघडं पडतं. ज्यांच्या नावावाचून अडत नाही, त्यांना मात्र पदानेच ओळखू.

पार्श्वभूमी

सोनिया सोटोमायोर यांचा जन्म १९५४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. आईवडील पोर्तो रिकोहून आलेले. वडील कारखान्यात कामाला, शिक्षण तिसरीपर्यंत, इंग्रजी येत नव्हतं. सोनिया नऊ वर्षांच्या असताना ते वारले. आई दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या महिला दलात भरती होऊन बेटाबाहेर पडल्या, पुढे नर्स झाल्या. सरकारी वसाहतीतलं घर. तिथून प्रिन्स्टन, मग येल, मग मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कचेरीत नोकरी. थोरल्या बुश यांच्या कारकिर्दीत, १९९२ मध्ये, त्या संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश झाल्या. क्लिंटन यांच्या काळात, १९९८ मध्ये, अपील न्यायालयात गेल्या. म्हणजे एकदा रिपब्लिकन आणि एकदा डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांनी त्यांना निवडलं होतं. हे पुढे लागणार आहे.

२६ ऑक्टोबर २००१ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या लॉ स्कूलमध्ये न्यायव्यवस्थेतल्या लॅटिनो-लॅटिना प्रतिनिधित्वावर एक परिसंवाद होता. त्यातलं स्मृतिव्याख्यान सोटोमायोर यांचं. विषय त्यांच्या जगण्याचाच: लॅटिना न्यायाधीशाचा आवाज. पुढच्या वर्षी ते व्याख्यान त्याच लॉ स्कूलमधून निघणाऱ्या एका कायदेविषयक नियतकालिकात छापून आलं आणि कपाटात जाऊन बसलं.

‘लॅटिना’ या शब्दापाशी जरा थांबू. लॅटिन अमेरिकी मुळाचा पुरुष लॅटिनो, बाई लॅटिना. स्पॅनिशमध्ये शेवटचा ‘आ’ स्त्रीचा आणि ‘ओ’ पुरुषाचा. आपल्याकडे घोडा, मुलगा, दादा हे आकारान्त शब्द पुरुषाचे, म्हणून मराठी कानाला ‘लॅटिना’ पहिल्या फटक्यात बाई वाटत नाही. पण शब्दातच बाई आहे. सोटोमायोर यांनी ज्या वाक्यात पुढे ‘लॅटिना बाई’ म्हटलं, तिथे बाई दोनदा आली. वाक्य गाजलं, पण हे दुहेरीपण फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

अडचण काय होती

न्यायाधीशाने काळा झगा घातला की आतला माणूस दिसू नये, अशी अपेक्षा असते. आणि या कार्यक्रमाला बोलावणं आलं होतं ते नेमकं आतल्या माणसाला. ‘तुम्ही लॅटिना आहात, त्याने तुमच्या निकालात काय फरक पडतो?’ हा प्रश्न विषयातच होता. ‘काही नाही’ म्हणावं तर समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना बोलावून उपाशी पाठवल्यासारखं. ‘पडतो’ म्हणावं तर उद्या कुठलाही वकील ते वाक्य फडकवणार.

दुसरी अडचण जास्त बारीक आहे. कॅलिफोर्नियातलं सभागृह म्हणजे समोर मेक्सिकन वंशाचे लोक भरपूर. वक्त्या पोर्तो रिकन. बाहेरच्याला दोघंही एकाच पोत्यातले वाटतात. आतून पाहिलं तर जेवण वेगळं, गाणी वेगळी, इतिहास वेगळा. पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि तिथले लोक १९१७ पासून अमेरिकी नागरिक आहेत. त्यांना व्हिसा लागत नाही, हद्दपारीची भीती नसते. समोरच्या कित्येकांच्या घरात ती भीती जेवायला बसलेली असणार. मग ‘आपण’ म्हणायचं ते कुठल्या हक्काने?

पुढ्यातले पर्याय

अशा वेळी वक्त्याकडे साधारण तीन-चार वाटा असतात. आकडे मांडायचे: किती न्यायाधीश लॅटिनो, किती न्यायालयांत एकही नाही. किंवा व्याख्या करायची. किंवा आपल्यावर झालेल्या अन्यायाची गोष्ट सांगायची; टाळ्या हमखास. किंवा घर दाखवायचं.

आकडे त्यांनी दिले, पण भाषणाच्या मधल्या भागात, आणि वकिली कोरडेपणाने. तो भाग आज कुणाला आठवत नाही. अन्यायाची गोष्ट त्यांनी जवळपास टाळलीच. व्याख्येचं त्यांनी काय केलं ते मात्र बघण्यासारखं आहे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मी अशीही व्याख्या करू शकते, असं म्हणत त्यांनी एक जाडजूड पुस्तकी वाक्य उच्चारलं: स्पेनने वसवलेल्या किंवा जिंकलेल्या, स्पॅनिश भाषा स्वीकारलेल्या लोकसमूहांबद्दलचं. आणि लगेच जोडलं की, बघा, माझं शिक्षण किती चांगलं झालंय ते तुम्हाला कळलं असेल. मग म्हणाल्या की, या निर्जंतुक वर्णनाने अमेरिकेत जन्मलेल्या पोरीला डुकराच्या आतड्याची चव का भावते, हे काही समजत नाही. विद्वत्तेचा पुरावा दिला आणि त्याच दमात विद्वत्ता बाजूला सारली. दोन्हींचं श्रेय खिशात.

प्रत्यक्ष काय केलं

सुरुवात एका प्रश्नाने: मी कोण? उत्तर एका शब्दात: न्यूयॉर्करिकन. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लावलं की माणूस एका गावाचा होतो. या शब्दात दोन गावं एकमेकांत घुसली आहेत, आणि ती कशी घुसली हे पश्चिम किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना माहीत नसेल म्हणून त्यांनी उलगडून सांगितलं. पुढच्याच वाक्यांत आईवडिलांना ‘इतर अनेक स्थलांतरितांसारखे’ म्हटलं. कायद्याने पाहिलं तर ते स्थलांतरित नव्हतेच, नागरिकच होते. कायद्याच्या बाईंना हे ठाऊक नसेल असं कोण म्हणेल? मला वाटतं, तो शब्द समोरच्या मेक्सिकन घरांसाठी होता. ‘आपण’ म्हणायचा हक्क त्यांनी इथे, कायद्याची कड जराशी दुमडून, मिळवला.

मग ताट येतं. भात, गांदुलेस आणि भाजलेलं डुकराचं मांस. मग मोर्सिया, म्हणजे रक्त भरून शिजवलेलं डुकराचं आतडं, मग हरभऱ्यांबरोबर शिजवलेले डुकराचे खूर, मग जीभ आणि कान. पदार्थांची नावं आधी स्पॅनिशमधून, पाठोपाठ इंग्रजीतून. भाषांतर हवं असलेल्याला भाषांतर मिळतं, आणि ज्याला नको त्याला त्याआधीच तोंडाला पाणी सुटलेलं असतं. एक गंमत: गांदुलेसचं इंग्रजी त्यांनी सरसकट ‘बीन्स’ केलं, पण गांदुलेस म्हणजे तूर. विदर्भात हिवाळ्यात जिचे सोले खातात तीच. ती मूळची आपल्याकडची, आफ्रिकेमार्गे कॅरिबियनला गेली आणि तिथे सणाच्या भातात पडली. आपल्या ताटातली गोष्ट दुसऱ्याच्या अस्मितेची खूण होऊन बसते ती अशी.

न्यायाधीशाने सभेत आतडी, खूर, जीभ यांची नावं घेणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला फोडून सांगायला नको. वजडी आणि रक्ती घरात आवडीने खाणारी माणसंसुद्धा चारचौघांत कुठला पदार्थ आवडतो विचारलं तर पुरणपोळी म्हणतात. सोटोमायोर यांनी पुरणपोळी म्हटलं नाही. आणि ते सांगताना स्वतःचीच चेष्टा केली: इथले मेक्सिकन म्हणत असतील, या पोर्तो रिकन लोकांच्या चवी विचित्रच! काहींच्या असतात, माझ्या आहेत. या एका वाक्यात खोलीतला दुरावा बोलून दाखवला आणि हसण्यावारी नेला. पुढे त्या असंही म्हणतात की, टाको हा प्रकार मला कॉलेजात, मेक्सिकन-अमेरिकन रूममेटमुळे कळला.

सगळ्यात जवळून दिसतं ते आजीचं घर. शनिवारची रात्र, मोठी माणसं डॉमिनोज खेळतायत, पोरं लोतेरिया. आपल्या हौजीसारखाच खेळ. आजी आकडे पुकारते आणि पोरं आपापल्या कार्डावर हरभऱ्याचा दाणा ठेवतात. दाणा! प्लास्टिकची सोंगटी नाही, पेन्सिलची खूण नाही. एवढ्या एका दाण्यावर घराची ऐपत, आजीचा अधिकार, टेबलाभोवतीची गर्दी सगळं उभं राहतं. मी वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो तेव्हा ‘आमची समृद्ध संस्कृती’ हे शब्द एका दुपारी पंधरा वेळा ऐकतो, आणि पंधरापैकी एकाही पोराच्या हातात हरभऱ्याचा दाणा नसतो.

आणि मग, इतकं उभं केल्यावर, त्या स्वतःच ते पाडतात. यातल्या कुठल्याही एका गोष्टीमुळे मी लॅटिना ठरते का? अर्थातच नाही. प्रत्येक समाजाचं खाणं वेगळं, सण वेगळे. स्पॅनिश येणं हीदेखील अट नाही. मला बऱ्यापैकी येते, पण माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान भावाला जेमतेम येते. (छापील प्रतीत पदार्थांच्या स्पॅनिश नावांत चुका आहेत. मुद्रितशोधकाची कृपा असेल, पण त्या कबुलीशेजारी त्या चुका शोभून दिसतात.) ‘हे सगळं मी आहे, पण यातलं काहीच अट नाही’ ही त्या भाषणातली मला सर्वांत धाडसाची जागा वाटते. ओळख सांगणारे बहुतेक वक्ते नेमके इथेच कुंपण घालतात: अमुक खात नाही तो आपला नाही, भाषा येत नाही तो आपला नाही. यांनी भावाला कुंपणाच्या आत घेतलं.

इथपर्यंत भाषणात एकही वाक्य असं नाही, जे काढून कुणी त्यांच्याविरुद्ध वापरू शकेल. खूर आवडतात म्हणून कुणावर अन्याय होत नाही.

निर्णायक जागा

उत्तरार्धात त्या मूळ प्रश्नावर आल्या: फरक पडतो का? इथे त्यांनी विरोधी मत आपल्याच मैत्रिणीच्या तोंडून मांडलं, हे चांगलं केलं. न्यूयॉर्कच्याच जिल्हा न्यायाधीश मिरियम सेडरबॉम यांचं म्हणणं असं की, न्यायाधीशाने आपल्या सहानुभूती आणि पूर्वग्रह ओलांडून कायद्याच्या तर्कावर चालावं. सोटोमायोर म्हणाल्या, ही आकांक्षा मलाही मान्य आहे, तसा प्रयत्नही करते. पण सगळ्या किंवा बहुतेक प्रकरणांत ते शक्य असेल का, याबद्दल शंका वाटते.

मग आली ती म्हण. सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओ’कॉनर यांच्या नावावर ती खपते: शहाणा म्हातारा आणि शहाणी म्हातारी खटल्यात एकाच निष्कर्षाला येतात. वाक्य खरंच ओ’कॉनर यांचं का, इथपासून शंका घेत सोटोमायोर म्हणाल्या की, मला ते पटतंच असं नाही. एक तर ‘शहाणा’ कुणाला म्हणायचं याची सर्वमान्य व्याख्या नाही. आणि दुसरं: ‘मला आशा आहे की, आपल्या अनुभवांची श्रीमंती असलेली एखादी शहाणी लॅटिना बाई, ते आयुष्य न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षा बहुतेक वेळा अधिक चांगल्या निष्कर्षाला पोचेल.’

वाक्यात तीन कुंपणं आहेत. ‘आशा आहे’, ‘बहुतेक वेळा’, आणि ‘ते आयुष्य न जगलेल्या’. मराठीत भाषांतर करताना तिसरं कुंपण आपोआप पुरुषाच्या आधी येतं. ऐकणाऱ्याला अट आधी कळते, गोरा पुरुष नंतर भेटतो. इंग्रजीत उलट होतं. तिथे तुलना आधी, गोरा पुरुष त्यापाठोपाठ, आणि अट शेपटीला. शेपूट कापणं सोपं. इंग्रजी वाक्याची ठेवणच कात्रीला सोयीची होती, आणि ती कात्री आठ वर्षांनी चालली.

लगेच पुढच्या वाक्यांत समतोल आहे. होम्स आणि कार्डोझो यांच्यासारख्या, सुप्रीम कोर्टाच्या जुन्या नामवंत न्यायाधीशांनीही, शहाणे असून लिंगभेद आणि वंशभेद कायम ठेवणारे निकाल दिले, १९७२ पर्यंत एकाही बाईचा भेदभावाचा दावा सुप्रीम कोर्टाने मान्य केला नव्हता, असं त्या म्हणाल्या. त्याचबरोबर, वेगळ्या अनुभवाची माणसं आपल्याला समजूच शकत नाहीत असं मानणं कोतेपणाचं आहे, नऊ गोऱ्या पुरुषांनीच शाळांतली वंशवार विभागणी मोडणारा निकाल दिला होता, हेही म्हणाल्या. पण हे सगळं ‘पेक्षा’ उच्चारून झाल्यावर.

हे वाक्य त्या दिवशी अचानक सुचलेलं नव्हतं. १९९४ मध्ये पोर्तो रिकोत केलेल्या भाषणात ते जवळजवळ असंच होतं, फक्त तिथे ‘शहाणी बाई’ होती, लॅटिना नव्हती, आणि मुख्य म्हणजे गोरा पुरुषही नव्हता. ‘अधिक चांगला निष्कर्ष’ कुणापेक्षा, ते मोकळं सोडलं होतं. ते भाषण १९९८ च्या नेमणुकीच्या कागदपत्रांत सिनेटकडे गेलं होतं. कुणीही हरकत घेतली नाही. १९९४ ते २००१ दरम्यान वाक्यात दोन माणसं शिरली आणि वाक्याचं वजन बदललं.

आठ वर्षांनी

२६ मे २००९ ला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सोटोमायोर यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी जाहीर केलं, आणि दोन-तीन दिवसांत बर्कलीचं ते एक वाक्य देशभर झालं. अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या एका माजी सभापतींनी ट्विटरवर लिहून टाकलं की, वंशवादी लॅटिनाने माघार घ्यावी. पुढे त्यांनीच मान्य केलं की, व्यक्तीला तो शब्द लावायला नको होता. एका स्तंभलेखकाने तर त्यांच्या आडनावाच्या उच्चारावर लिहिलं: शेवटच्या अक्षरावर जोर देणं इंग्रजीला नैसर्गिक नाही, किती म्हणून जुळवून घ्यायचं? आईबापांनी दिलेलं आडनावसुद्धा भाषण ठरतं ते असं.

त्यांच्या बाजूच्या लोकांपुढे तीन मार्ग होते. वाक्याचं समर्थन करणं. संदर्भ समजावून सांगणं. किंवा मागे घेणं. पहिला मार्ग कुणी गंभीरपणे घेतलाच नाही. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनी काही दिवसांतच सांगितलं की, शब्दांची निवड चुकली असं त्या स्वतःच म्हणतील. ओबामाही म्हणाले की, संधी मिळाली तर त्या ते वेगळ्या शब्दांत मांडतील. वक्त्या तेव्हा जाहीरपणे बोलू शकत नव्हत्या. अशा नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते, आणि सिनेट समितीपुढच्या सुनावणीपर्यंत उमेदवाराने गप्प बसायचं असा रिवाज आहे. त्यामुळे ‘त्या काय म्हणतील’ हे आधी दुसऱ्यांनी ठरवलं. जुलैत त्या बोलायला बसल्या तेव्हा अर्धी माघार त्यांच्या नावावर जमा झालेली होती.

सुनावणी

१३ जुलैला सुरू झाली. प्रास्ताविकात आई, ब्रॉन्क्स, वसाहतीतलं घर होतं. ताट नव्हतं. न्यायनिवाड्याबद्दलचं तत्त्व एका ओळीत: कायद्याशी निष्ठा.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे त्यांच्याच बाजूच्या माणसाने, त्या वाक्याचा विषय काढून दिला, आणि उत्तर तयार होतं. कुठल्याही वांशिक, जातीय किंवा लैंगिक गटाला न्यायनिवाड्यात वरचढपणा असतो असं मी मानत नाही, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितलं. ओ’कॉनर यांच्या शब्दांवर कोटी करायला गेले, ती फसली. अलंकारिक भाषेचा तो प्रयत्न तोंडावर आपटला.

विरोधी बाजूचे प्रमुख, अलाबामाचे सिनेटर सेशन्स यांनी मग दोन गोष्टी केल्या. सेडरबॉम यांचं मत सोटोमायोर यांच्यासमोर धरलं. उत्तर मिळालं: माझी मैत्रीण सेडरबॉम आज इथे हजर आहे, आम्ही दोघीही न्यायदानाकडे सारख्याच नजरेने बघतो. भाषणात मतभेद दाखवायला आणलेली मैत्रीण इथे एकमताची साक्षीदार म्हणून प्रेक्षकांत बसलेली. दुसरी गोष्ट म्हणजे कनेटिकटमधल्या अग्निशमन जवानांच्या बढतीचा, वंशाचा प्रश्न गुंतलेला खटला. त्यावर सोटोमायोर यांच्या न्यायालयाचा निर्णय सुप्रीम कोर्टाने दोनच आठवड्यांपूर्वी ५ विरुद्ध ४ असा फिरवला होता. सेशन्स म्हणाले की, तुमच्या न्यायालयातले न्यायमूर्ती काब्रानेस, जे स्वतः पोर्तो रिकन वंशाचे आहेत, त्यांच्या बाजूने तुम्ही मत दिलं असतं तर निकाल बदलला असता. वंशाने निकालावर परिणाम होऊ नये हा ज्यांचा मुद्दा, त्यांच्याच तोंडी ‘तुमच्याच वंशाचा माणूस बघा’ हा दाखला. लॅटिना काय, लॅटिनो काय, सगळे एकाच दिशेने मत देतात, हे गृहीत कुणाच्या डोक्यात होतं ते आपोआप दिसलं. सोटोमायोर यांनी ते बोट दाखवून सांगितलं नाही. मला वाटतं, ठरवूनच.

तिसऱ्या दिवशी स्वसंरक्षणाच्या कायद्यावर बोलताना ओक्लाहोमाच्या सिनेटरांनी १९५० च्या दशकातल्या एका टीव्ही मालिकेतल्या क्यूबन पात्राच्या ढबीत त्यांना चिमटा काढला: तुम्हाला बरंच काही समजावून सांगावं लागेल! पोर्तो रिकन बाईला क्यूबन उच्चारांत विनोद. तेही सहज विरलं.

प्रामाणिक बोलले ते साउथ कॅरोलायनाचे लिंडसे ग्रॅहम. मी असं काही बोललो असतो तर माझी कारकीर्द संपली असती, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. हेही सांगितलं की, तुम्ही इथे पार कोसळलात तरच गोष्ट वेगळी, नाहीतर तुमची नेमणूक होणारच. शेवटी त्यांनी बाजूने मत दिलं.

निकाल

समितीत १३ विरुद्ध ६. ६ ऑगस्ट २००९ ला सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३१. नऊ रिपब्लिकन बाजूने. ८ ऑगस्टला शपथ. सुप्रीम कोर्टाच्या १११ व्या न्यायाधीश, पहिल्या हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाच्या), तिसऱ्या महिला.

तोवर बाहेर ‘शहाणी लॅटिना’ छापलेले टी-शर्ट विकले जात होते. वक्तीने परत घेतलेले शब्द श्रोत्यांनी ठेवून घेतले.

वेगळं काय करता आलं असतं

वाक्य ‘अधिक चांगल्या निष्कर्षाला पोचेल’ इथे थांबलं असतं तर? १९९४ चाच मसुदा, फक्त ‘लॅटिना’ जोडून. ओ’कॉनर यांच्या म्हणीला उत्तर तेवढ्यानेही मिळत होतं. पण मग ते वाक्य कुणाला आठवलं असतं? बर्कलीच्या सभागृहात ते चमकलं ते त्या ‘पेक्षा’मुळेच, असा माझा अंदाज आहे. ताटाच्या भागात त्या स्वतःबद्दल बोलत होत्या. तिथे ऐकणाऱ्याने आपलं ताट आठवायचं असतं. तुलना आली की ऐकणारा आपण कुठल्या पारड्यात ते बघतो. सभागृहात सगळे एकाच पारड्यात होते. छापील पानाला मात्र सभागृहाच्या भिंती नसतात, आणि न्यायाधीशाचं भाषण कधी ना कधी पानावर येतंच. ही एक जागा त्यांनी हेरायला हवी होती. न्यायाधीश, आणि तेही दोन पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी पुढे आणलेल्या. त्यांचं नाव आणखी वर जाऊ शकतं हे २००१ मध्येही उघड होतं.

क्रम बदलणं हा दुसरा, जास्त साधा उपाय. होम्स आणि कार्डोझो आधी, आशा नंतर. आधी सांगायचं की शहाणे म्हातारे चुकले होते, आणि का चुकले. मग म्हणायचं की खंडपीठावर वेगळं आयुष्य जगलेलं कुणी असतं तर कदाचित चुकले नसते. निष्कर्ष तोच राहतो, पण आधाराच्या दगडावर बसतो. मूळ भाषणात दगड नंतर येतो, तोवर वाक्य पडून फुटलेलं असतं.

२००९ च्या माघारीबद्दल माझं मन अजून ठरत नाही. डेमोक्रॅट बाजूला साठ मतं होती, ग्रॅहम यांनी निकाल आधीच जाहीर केला होता. मग वाक्यातला निम्मा, न्याय्य भाग तरी उभं राहून सांगायला काय हरकत होती? ‘व्यक्तिगत अनुभवांमुळे न्यायाधीशाला कुठली तथ्यं दिसतात हे बदलतं’ हेही त्याच भाषणात होतं, आणि ते खोटं नाही. पण हे घरी बसून लिहिणाऱ्याचं शौर्य आहे. त्या निवडणूक लढवत नव्हत्या. तहहयात नोकरीच्या मुलाखतीला बसल्या होत्या, जिथे प्रत्येक धाडसी वाक्याचं भाडं आपल्यामागून येणाऱ्या दुसऱ्या उमेदवाराला भरावं लागतं. एवढं खरं की, ‘कोटी फसली’ म्हणताना त्यांनी दोष भाषेच्या शैलीवर ढकलला. शैली फसली नव्हती. शैलीमुळेच तर ते इतकं लांब पोचलं.

त्यानंतर

कोर्टात गेल्यावर डिसेंबर २००९ मध्ये त्यांचा पहिला निकाल आला. त्यात परवान्याविना राहणाऱ्या लोकांना ‘बेकायदा’ न म्हणता ‘कागदपत्रं नसलेले स्थलांतरित’ म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रात तो शब्दप्रयोग पहिल्यांदा आला तो तिथे. भाषण नाही, टाळ्या नाहीत, एक विशेषण. २०१३ मध्ये आत्मचरित्र इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये एकाच वेळी निघालं, आणि आजीचं घर परत आलं.

२२ एप्रिल २०१४ ला मिशिगनमध्ये विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करायला घातलेल्या बंदीचा निकाल लागला. बहुमताने बंदी कायम ठेवली आणि सोटोमायोर यांनी भिन्नमत लिहिलं. त्याचा सारांश त्यांनी न्यायासनावरून वाचून दाखवला, जे त्यांनी त्याआधी कधी केलं नव्हतं. त्यात एक वाक्य पुन:पुन्हा येतं, कीर्तनातल्या पालुपदासारखं: वंशाने फरक पडतो. आपण जवळून जाताना माणसं कशी ताठरतात हे बघत मोठ्या झालेल्या मुलाला फरक पडतो. गावाचं नाव सांगितल्यावर ‘नाही, खरं कुठली?’ असं पुन्हा विचारल्या जाणाऱ्या मुलीला फरक पडतो. घरात फक्त इंग्रजी बोललं गेलं, तरी अनोळखी माणूस ज्याच्याशी परक्या भाषेत बोलायला लागतो त्या पोराला फरक पडतो. इथे तीन वर्षांनी लहान भाऊ आठवतो. लहानसहान टोमणे, दबकं हसणं, न बोलता केलेली पारख.

सरन्यायाधीशांनी आपल्या वेगळ्या मतात नाराजी नोंदवली: वादातल्या कुठल्याही बाजूच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं. वकील, प्राध्यापक, स्तंभलेखक महिनाभर त्यावर भांडत राहिले. मी तो परिच्छेद पुन्हा एकदा, हातात पेन्सिल घेऊन वाचला. त्यात ‘पेक्षा’ कुठेच नाही.